बहात्तर की सहासष्ट? एका सूचनापेटीने ऐकलेलं

माझ्या पोटात आजवर हजारो तक्रारी गेल्या, पण एकही मला बाधली नाही. मित्रांनो, मी एक जुनी सूचनापेटी आहे. हातभर उंच, वर फट, मागे दार आणि दाराला पितळी कुलूप. एका गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात, बूट पुसायच्या ब्रशांच्या वर माझं सारं तरुणपण गेलं. जागा काही मानाची नव्हती, पण तिथून पहिल्या फटक्याची जागा दिसायची आणि खेळ जिथे संपतो ती शेवटची हिरवळही दिसायची. म्हणजे माणसं उमेदीने निघताना दिसायची आणि तीच माणसं परत येतानाही दिसायची. दोन्ही चेहरे ज्याने पाहिलेत त्याला करमणुकीची वेगळी गरज लागत नाही.

मला क्लबच्या सुताराने कपाटाच्या उरलेल्या फळीतून केलं. तो रंधा मारत असताना सेक्रेटरीसाहेब तीनदा येऊन सांगून गेले, "फट बारीक ठेव रे. लोक फार लांबलचक लिहितात." सुताराने तिन्ही वेळा मान डोलावली आणि फट चांगली चार बोटं ठेवली. वर कानस इतकी घासली, की कितीही रागाने कागद कोंबला तरी कोणाच्या बोटाला कुसळ लागू नये. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पुढे माझ्या बाबतीत जे जे चांगलं घडलं, ते त्या रुंद फटीतूनच आत आलं.

मी शाळेत गेले नाही. चिठ्ठ्यांवरूनच वाचायला शिकले. पहिल्यांदा ओळखीचा झालेला शब्द 'साबण', कारण तो रोज यायचा. साबण संपला आहे. साबण आला आहे, पण वास बरा नाही. मग हळूहळू मोठी वाक्यं कळू लागली. "शेवटच्या होलजवळचा कावळा चेंडू पळवतो, त्याला समज द्यावी." "माझी छत्री आणून देणाऱ्याचे आभार. ती माझी नव्हती." सेक्रेटरीसाहेब महिनाअखेरीला कुलूप काढायचे, एकेक चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचायचे आणि उत्तर फळ्यावर खडूने लिहायचे. कावळ्यालासुद्धा उत्तर होतं. "संबंधितांशी बोलणे झाले आहे," असं. एकदा क्लबचे अध्यक्ष पाहुण्यांना म्हणाले, "ही पेटी आहे म्हणून आमच्याकडे भांडणं कागदावर होतात." त्या दिवशी मी आणखी दोन बोटं उंच झाले असणार.

आता गोल्फ तुम्ही खेळला नसाल, तर थोडं सांगते. मैदानात अठरा ठिकाणी पेल्याएवढा खड्डा असतो, त्याला होल म्हणतात. लांबून काठीने चेंडू मारत मारत त्यात घालायचा. खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत म्हणजे हिरवळ, आणि तिथवरच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत ते आधीच ठरलेलं असतं. त्या आकड्याला म्हणतात पार. जवळच्या होलचं पार तीन, मधल्याचं चार, लांबलचक होलचं पाच. आमच्या अठरा होलची बेरीज बहात्तर. हा बहात्तरचा आकडा सभासदांना आपल्या आडनावासारखा वाटायचा. आडनाव आपण कमावलेलं नसतं, तरी त्याला कोणी हात लावलेला खपत नाही, तसं.

मग माझे पडते दिवस आले. लोक सेक्रेटरींना फोनवरच गाठू लागले. माझं कुलूप गंजलं. डोक्यावर ओले हातमोजे वाळू लागले. एका कुंभारीण माशीने माझ्या फटीत मातीचं छान घर बांधलं, आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. कोणीतरी राहायला तर आलं. माझ्या बाजूला खिळ्याला कोऱ्या चिठ्ठ्यांची वही टांगलेली असायची. ती संपली, नुसता पुठ्ठा उरला. नवी कोणी आणली नाही. ही गोष्ट लहानशी वाटेल, पण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

त्या वर्षी तळं आटलं.

आमच्या मैदानाची सगळी हिरवळ एका बाईच्या हाताखाली होती. तिला सगळे गवतताई म्हणत. तिच्या हाताखाली सहा माणसं. ती एका सकाळी चिखलाने भरलेल्या पायांनी व्हरांड्यात आली आणि सेक्रेटरीसाहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, तळ्यात पाणी किती राहिलंय ते बघितलंत?"

"बघितलं. कमी आहे."

"कमी म्हणजे माझ्या ढोपराएवढं. मी आत उतरून आले."

साहेबांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग पुसलेल्या फरशीकडे पाहिलं.

"लांब होलना पाजता पाजता जवळचे मरायला लागलेत," ताई म्हणाली. "चार लांब होल आहेत, ते आखूड करा. दोन मधले आणखी जवळ आणा. मागे सुटलेली पट्टी कोरडी राहिली तर राहू दे. तेवढ्या पाण्यात मी अठराच्या अठरा जगवते."

"आणि नाही केलं तर?"

"तर नऊ ठेवा आणि नऊ सोडून द्या. नऊला तीन माणसं पुरतात. बाकीच्या तिघांना 'उद्यापासून येऊ नका' हे तुम्ही सांगायचं. माझ्याच्याने होणार नाही. आणि त्यांच्या मागोमाग मीही येणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते."

साहेबांनी कागदावर बेरीज केली. चार होलचा एकेक फटका गेला, दोघांचा एकेक गेला. बहात्तरचे सहासष्ट. ते आकड्याकडे असे बघत राहिले, जसं कोणी घरातल्या थोरल्या माणसाला टोपणनावाने हाक मारायला सांगितलंय.

"मी एकटा नाही ठरवू शकत, ताई. सभासदांना विचारावं लागेल."

मग नोटीस लागली. 'पंधरा दिवसांत आपले मत सूचनापेटीत टाकावे.' माझ्या कुलपात तेल पडलं. कुंभारीण माशी तोवर घर सोडून गेली होती, ते घर ताईने नखाने अलगद काढून खिडकीत ठेवलं. किती वर्षांनी कोणीतरी मला ओल्या फडक्याने पुसलं! त्या फडक्याचा गारवा मला अजून आठवतो.

आणि मित्रांनो, मतांचा नुसता पाऊस पडला. आधी तोंडी आणि मग लेखी.

सगळ्यात मोठा आवाज दातांच्या डॉक्टरांचा. ते चेंडूवर असे तुटून पडत, की क्लबात त्यांचं नाव पडलं होतं तोफडॉक्टर. तोफेचा आवाज मोठा, गोळा कुठे पडेल ते मात्र तोफेलाही ठाऊक नसे. त्यांच्याबरोबर नेहमी त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पोस्टातला माणूस.

"सहासष्ट!" डॉक्टर बूट काढता काढता गरजले. "मग पुढच्या वर्षी काय, लिंबू-चमचा खेळायचा? लांब होल म्हणजे या खेळाचा कणा आहे, कणा!"

"भाऊजी, खेळाच्या कण्याचं राहू द्या," मेहुणा म्हणाला. "मागच्या रविवारी तुमच्या कण्याला शेक कोणी दिला?"

"ते वेगळं. मी वाकून काटा काढत होतो."

"हो ना. काट्यात गेला होतात म्हणून काढत होतात."

एक निवृत्त शिक्षिका होत्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या माझ्याशेजारच्या खुर्चीत बसून शांतपणे म्हणाल्या, "लांब होलवर तिसऱ्या फटक्याला मला हिरवळ दिसते आणि सातव्याला मी पोचते. तोवर मागचे लोक खोकायला लागलेले असतात. मला कोणाचा खोकला ऐकायचा नाही. मला खेळायचंय."

क्लबातली सगळ्यात तरबेज खेळाडू म्हणजे एक उंच, अबोल मुलगी. तिचा चेंडू तर नजरेच्या पार जाई. सगळ्यांना वाटलं, ही लांब होलच मागणार. तिने लिहिलं: "जवळचा होल सोपा असतो हा गैरसमज आहे. लांब होलवर एक चूक पुढे भरून काढता येते. जवळच्या होलवर चूक केली की केली. मला सहासष्ट चालेल."

बाकी चिठ्ठ्या तर काय सांगू! "पाहुण्यांना सहासष्ट सांगायची लाज वाटेल." "खेळ तीन तासांत संपला तर उरलेल्या वेळी घरी काय करू, ते क्लबने कळवावे." "बहात्तर फटक्यांत खेळायचं माझं आयुष्यभराचं स्वप्न आहे. आता पल्लाच कमी झाला तर ते आपोआप पुरं होईल, यात मला काय कौतुक?" या शेवटच्या चिठ्ठीवर मी खूप विचार केला. माणूस आपल्या अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नालाही किती जीव लावतो!

आता वहीची गोष्ट. कोऱ्या चिठ्ठ्या नव्हत्याच. मग लोक काय करत? खिशात हात घालत. खिशात असायचं त्या दिवशीचं खेळून झालेलं कार्ड, ज्यावर प्रत्येक होलला किती फटके लागले ते लिहिलेलं असतं. स्पर्धेचं कार्ड क्लबात द्यावं लागतं, पण रोजच्या खेळाचं खिशातच सुरकुतत पडतं. ते उलटं करायचं, कोऱ्या बाजूवर मत लिहायचं, खाली ऐटीत सही ठोकायची आणि माझ्या फटीत सारायचं. आणि मित्रांनो, गोल्फमधली मला सगळ्यात आवडणारी रीत अशी, की स्वतःचे फटके स्वतः लिहायचे नसतात. माझे तू लिही, तुझे मी लिहितो. म्हणजे एका बाजूला माणसाचं म्हणणं आणि दुसऱ्या बाजूला त्याचा खेळ, तोही सोबत्याच्या हातचा.

हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. मत मांडायची घाई झाली की माणूस कागद उलटा करून बघत नाही.

सोळाव्या दिवशी साहेबांनी मला टेबलावर उपडी केलं. दोन ढीग झाले. 'आखूड नको' म्हणणारे त्रेसष्ट, 'चालेल' म्हणणारे एक्केचाळीस. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ताईला बोलावणं पाठवलं. ती आली, दारातच थांबली.

"बस, ताई."

"उभीच बरी आहे. सांगा."

साहेबांनी उंच ढिगाकडे बोट केलं. तिला समजलं. ती पुढे आली आणि ओला हात पदराला पुसून ढिगावरचं पहिलं कार्ड तिने उचललं. तिला मत वाचायचं नव्हतंच. तिने ते उलटं केलं. का, तर तिच्यासाठी त्या आकड्यांत मैदान होतं. तिसरा होल, आठवा होल, ज्यांचं गवत तिने कापलं, पाजलं, ते सगळे तिथे ओळीने मांडलेले होते. मला वाटतं, ती त्यांचा निरोप घेत होती.

आणि मग ती थबकली.

"साहेब, ही बाजू वाचलीत?"

"ती कशाला वाचू? ते जुनं कार्ड आहे."

"हे तोफडॉक्टरांचं. पहिल्या लांब होलवर नऊ. दुसऱ्यावर दहा. तिसऱ्यावर लिहिलंय 'उचलला'."

उचलला म्हणजे कंटाळून चेंडू खिशात घातला आणि तो होल सोडून दिला.

"चौथ्यावर?" साहेबांनी विचारलं.

"चौथ्यावरपण 'उचलला'. आणि हे बघा, जवळचे चार होल. तीन, चार, तीन, तीन. शेजारी मेहुण्यांनी चांदणी काढलीय."

साहेबांनी चष्मा परत लावला. दोघं समोरासमोर बसले आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट कार्डं उलटी करून पाहिली. दुपार टळून गेली. लांब होलच पाहिजेत म्हणणाऱ्या त्रेसष्टांपैकी एक्कावन्न जणांनी कुठल्या ना कुठल्या लांब होलवर चेंडू उचललेला होता. साहेब आधी गालात हसत होते, मग मोठ्याने हसू लागले.

"ताई, जिंकलीस! ही सगळी कार्डं मी फळ्यावर लावतो. दोन्ही बाजू दिसतील अशी, दोरीला टांगून. बघू कोण तोंड उघडतं ते!"

मला वाटलं, आता ताईही हसेल. तिचं काम, तिची माणसं, सगळं त्या दोरीमुळे वाचणार होतं. पण तिने कार्डं गोळा केली, एकावर एक नीट रचली आणि मत वर येईल अशी परत माझ्यात ठेवून दिली.

"नको, साहेब. मीही पावसापाण्यात बारा महिने त्यांना बघतेच की. नवव्या फटक्यालाही ते चेंडूपुढे असे उभे राहतात, जसा पहिलाच आहे. त्यांची फजिती करून मला काय मिळणार? उद्या ते याच गवतावर माझ्यासमोरून मान खाली घालून जातील. ते मला बघवणार नाही."

"मग करू काय?"

"एक महिना द्या. फटका मारायची जागा दाखवायला दोन लाकडी गोळे ठेवतो ना, ते मी तसेही रोज दोन पावलं हलवते, गवताला विसावा म्हणून. त्या सहा होलवर ते चांगले पुढे नेऊन ठेवते. सगळ्यांना सांगून, लपवून नाही. महिनाभर पुढून खेळा म्हणावं. मग परत विचारा. तेव्हाही नको म्हणाले, तर मी काही बोलणार नाही."

तो महिना, मित्रांनो, मी जीव मुठीत धरून काढला. पेटीला मूठ नसते, पण तुम्हाला समजलं. पहिल्या आठवड्यात लोक गोळ्यांकडे बघून नाकं मुरडायचे. दुसऱ्या आठवड्यात नाकं मुरडत, पण लवकर येऊन रांगेत उभे राहू लागले. बाई एका सकाळी अठराच्या अठरा होल चालून आल्या, खुर्चीत बसल्या, काठी आडवी ठेवली आणि कोणी पाहत नाही असं बघून आपल्या गुडघ्याला शाबासकीची थाप दिली. मी पाहत होते. पण मी कोणाला सांगत नाही.

शेवटच्या दिवशी तोफडॉक्टर आले. या वेळी खिळ्याला नवी कोरी वही टांगलेली होती, पण सवयीने त्यांचा हात खिशात गेला. कार्ड काढून त्यांनी ते उलटं केलं, पेन टेकवलं आणि तसेच थांबले. मग कार्ड पुन्हा सुलटं केलं.

"काय रे," ते मेहुण्याला म्हणाले. आवाज नेहमीच्या निम्म्यानेही नव्हता. "मागच्या वेळी मी मत लिहिलं, ते कार्डावरच ना?"

"कार्डावरच."

"त्याच्या पाठीमागे आकडे होते?"

"होते की. मीच लिहिलेले."

"खरे लिहिले होतेस?"

"भाऊजी, माझी बहीण तुमच्या घरी दिली म्हणून मी फटके कमी लिहायचे का?"

डॉक्टरांनी माझ्या कुलपाकडे पाहिलं. "म्हणजे साहेबांनी वाचले असणार. गवतताईनेही वाचले असणार."

"असणारच. काल भेटल्या, तुमच्या कमरेची चौकशी करत होत्या."

"दुसरं काही बोलली नाही?"

"नाही."

डॉक्टरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग लिहायला वाकले. त्यांचं अक्षर मला पाठ होतं, पण त्या दिवशी ते फार सावकाश उमटलं. "एक लांब होल तेवढा ठेवा, शिव्या घालायला. बाकी सगळं ताई म्हणतील तसं."

पेटी उघडली तेव्हा साहेबांना मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. एक लांब होल राहिला, पार सदुसष्ट झालं. ताईची सहाही माणसं दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामाला आली. त्यांना यातलं काही कळलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्या सेक्रेटरींनी मतांची सोय मोबाइलवर केली आणि मला अडगळीत टाकायचं ठरलं. तेव्हा गवतताई म्हणाली, "मला द्या ती." तिने मला अवजारांच्या खोलीत टांगलं, फावड्यांच्या रांगेत, आणि आपल्या माणसांना म्हणाली, "आता तुम्ही लिहा." दोन आठवडे मी रिकामी होते. ती माणसं येता-जाता माझ्याकडे बघायची आणि लाजायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क माळ्याने खताच्या पिशवीचा कागद फाडून लिहिलं, "आठव्याच्या उतारावर आपण एकदम पाणी सोडतो, ते वाहून वाटेवर जातं. निम्मं सोडून, थांबून, मग निम्मं सोडलं तर मुरेल. मला हे बावीस वर्षं वाटतंय."

ताईने ते दोनदा वाचलं. "अहो दादा, मग बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"कोणी विचारलं नाही," दादा म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. जसं आज वारा नाही म्हणावं, तसं.

मित्रांनो, माझं आयुष्य फार चांगलं गेलं. मला रुंद फट देणारा सुतार भेटला, कावळ्याच्या तक्रारीलाही उत्तर देणारे साहेब भेटले, माझ्या पोटातलं गुपित जपणारी ताई भेटली. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना फेकण्याआधी एकदा ओल्या फडक्याने पुसून बघा. आणि तुमच्या घरात जो कोणी सगळ्यांचं निमूट ऐकून घेतो आणि स्वतः काही बोलत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, तुला काय वाटतं? उत्तर लगेच येणार नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा.

आणि हो, त्या चिठ्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आठव्या होलवर नळ अर्धा सोडला. मग बंद केला. ताई आणि ते उतारावर शेजारी शेजारी उकिडवे बसले आणि माती पाणी पिते ते पाहत राहिले.